टॉम ब्रॅडली : वीस वर्षे महापौर, तरीही पोलीस मुजोरच

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस विमानतळावर परदेशातून येणारे बहुतेक प्रवासी ज्या इमारतीत उतरतात, तिला टॉम ब्रॅडली यांचे नाव आहे. आपल्या समाजातली शिकलेली मुले आता कॅलिफोर्नियात नोकरीला जातात, तीही याच दारातून आत शिरतात. पाटी वाचून पुढे जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते, की हा माणूस गुलामांचा नातू होता, बटईने कापूस पिकवणाऱ्या घरात जन्मला होता, त्याने एकवीस वर्षे पोलीस खात्यात नोकरी केली आणि त्याच शहराचा तो पुढे वीस वर्षे महापौर होता? चळवळीत मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स यांची नावे आदराने घेतली जातात, ती घेतलीच पाहिजेत. ब्रॅडलींचे नाव मात्र कोणी घेत नाही. सत्तेच्या खुर्चीवर आपला माणूस बसावा म्हणून रक्त आटवणाऱ्या समाजाने हे चरित्र एकदा नीट तपासून पाहावे, असे आम्हाला वाटते. कारण खुर्ची मिळूनही ब्रॅडलींच्या हाती पोलीस खाते आले नाही. आणि ज्या उपायाने ते खाते शेवटी थोडेफार वठणीवर आले, तो उपाय लागू झाला तेव्हा ब्रॅडली या जगात नव्हते.

टॉम ब्रॅडली यांचा जन्म २९ डिसेंबर १९१७ रोजी टेक्सास राज्यातल्या कॅल्व्हर्ट गावाजवळ एका लाकडी खोपट्यात झाला. गुलामगिरी कायद्याने संपून अर्धशतक उलटले होते, पण जमीन गोऱ्या मालकाची, बी-बियाणे मालकाचे, हिशेबाची वहीही मालकाचीच. कृष्णवर्णीय कुटुंबाने राबायचे आणि वर्षाच्या शेवटी पुन्हा कर्जातच उरायचे, अशी रीत होती. त्या व्यवस्थेतून बाहेर पडण्यासाठी कुटुंब आधी डलासला, मग ॲरिझोनात कापूस वेचायला आणि १९२४ साली लॉस एंजेलिसला आले. वडिलांना रेल्वेत काम मिळाले, आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करू लागली. पुढे वडील वेगळे झाले आणि आईने एकटीने मुले वाढवली. आपल्याकडच्या किती घरांची हीच कथा आहे, हे वेगळे सांगायला नको.

टॉम अंगाने उंच, धावण्यात तरबेज आणि अभ्यासात हुशार. पॉलिटेक्निक हायस्कूलमध्ये कृष्णवर्णीय मुले थोडी असतानाही ते मुलांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. खेळाच्या शिष्यवृत्तीवर १९३७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत प्रवेश मिळाला. पण पदवी पुरी झाली नाही. १९४० साली त्यांनी विद्यापीठ सोडले आणि पोलीस खात्यात भरती झाले. पक्की सरकारी नोकरी, नियमित पगार. कष्टकरी समाजातल्या पहिल्या शिकलेल्या पिढीला दुसरे काय हवे असते?

त्या वेळी सुमारे चार हजारांच्या दलात कृष्णवर्णीय पोलीस थोडेच होते. त्यांना नेमणूक मिळायची ती काळ्यांच्या वस्तीतल्या न्यूटन स्ट्रीट विभागात, नाहीतर भर चौकात वाहतुकीला हात दाखवायला. गोऱ्या पोलिसाशेजारी गस्तीच्या गाडीत काळ्याने बसायचे नाही, हा खात्याचा नियमच होता म्हणा ना. अंगावरची वर्दी तीच, छातीवरचा बिल्ला तोच, पण गाडी वेगळी. आपल्याकडे वेगळा पाणवठा होता, तिकडे वेगळी गाडी होती. वर्दी उतरवली की भेदभाव आणखी उघडा व्हायचा. ब्रॅडली आणि त्यांच्या पत्नी एथेल यांनी १९५० साली लिमर्ट पार्क भागात घर घेतले, तेव्हा ते एका गोऱ्या मध्यस्थाच्या नावावर विकत घ्यावे लागले, कारण काळ्या माणसाला तिथे कोणी घर विकतच नव्हते. चोर पकडायला हा माणूस चालत होता, शेजारी म्हणून चालत नव्हता.

ब्रॅडलींनी ते सारे गिळले आणि रात्रीच्या वर्गांना बसून कायद्याचा अभ्यास केला. १९५६ साली ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. खात्यात ते लेफ्टनंट पदापर्यंत चढले. तोवर कोणी कृष्णवर्णीय त्याहून वरच्या पदावर पोहोचला नव्हता. लेफ्टनंट झाल्यावर त्यांनी आपल्या हाताखालच्या गस्तीच्या गाड्यांत काळे आणि गोरे पोलीस एकत्र बसवण्याचा प्रयत्न केला. जे गोरे पोलीस स्वखुशीने तयार झाले त्यांचा त्यांच्याच सहकाऱ्यांनी इतका छळ केला, की प्रयोग गुंडाळावा लागला. विल्यम पार्कर नावाचे पोलीसप्रमुख त्या काळात खात्यावर राज्य करीत होते. शिस्तीचे आणि भ्रष्टाचाराला थारा न देणारे म्हणून त्यांची देशभर ख्याती होती. पण लाच न खाणारा अधिकारी म्हणजे न्यायी अधिकारी, असा समज करून घेऊ नये. पार्करांच्या नजरेत काळ्यांची आणि मेक्सिकन लोकांची वस्ती म्हणजे शत्रूचा मुलूख होता. यापुढे चढण्याची वाट बंद आहे हे ओळखून ब्रॅडलींनी एकवीस वर्षांच्या सेवेनंतर नोकरी सोडली आणि वकिली सुरू केली.

१९६३ साली ते शहराच्या सिटी कौन्सिलवर निवडून आले, तेही कृष्णवर्णीयांचे बहुमत नसलेल्या दहाव्या विभागातून. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९६५ मध्ये, वॉट्स भागात एका तरुणाच्या अटकेवरून ठिणगी पडली. सहा दिवस वस्ती जळत होती. ३४ माणसे मेली, सुमारे चार हजारांना अटक झाली. पार्करांनी दंगलीतल्या लोकांची तुलना प्राणिसंग्रहालयातल्या माकडांशी केली. कौन्सिलमध्ये या माणसाला जाब विचारणाऱ्यांत ब्रॅडली पुढे होते. खात्यात एकवीस वर्षे काढलेला माणूस बोलत होता, त्यामुळे त्यांना खोटे पाडणे कठीण होते. म्हणून मग त्यांना पोलीसविरोधी ठरवण्यात आले. हा शिक्का त्यांच्या कपाळावर जो बसला, तो त्यांच्या पुढच्या साऱ्या राजकारणावर सावली धरून राहिला.

१९६९ साली त्यांनी महापौरपदाची पहिली निवडणूक लढवली. पहिल्या फेरीत विद्यमान महापौर सॅम यॉर्टी यांच्यापेक्षा ते कितीतरी पुढे होते. मग दुसऱ्या फेरीत यॉर्टींनी एकच प्रचार केला : हा माणूस आला तर पोलीस नोकऱ्या सोडून जातील आणि शहर काळ्या अतिरेक्यांच्या ताब्यात जाईल. गोरा मध्यमवर्ग घाबरला आणि ब्रॅडली हरले. ज्यांच्या नावाने ही भीती घातली जात होती ते म्हणजे ब्लॅक पँथर. ओकलंड शहरात १९६६ साली पोलिसांच्या गाड्यांवर पाळत ठेवण्यापासून ज्यांची सुरुवात झाली, आणि ज्यांचे नाव १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर म्हणून घेतले, तेच हे पँथर. त्या निवडणुकीनंतर काही महिन्यांनीच, ८ डिसेंबर १९६९ रोजी, लॉस एंजेलिस पोलिसांनी पँथरच्या कार्यालयावर हल्ला चढवला आणि चार तासांहून अधिक काळ गोळीबार चालला. ब्रॅडली स्वतः पँथर नव्हते, त्यांचा मार्ग निराळा होता. पण बदनाम करणाऱ्याला असला फरक करण्याची गरज कधीच वाटत नाही.

१९७३ साली पुन्हा यॉर्टी समोर होते. या वेळी ब्रॅडली जिंकले. कृष्णवर्णीयांची लोकसंख्या शहरात पाचव्या हिश्श्याहूनही कमी होती. ज्यू समाजातले पुरोगामी, लॅटिनो आणि उदारमतवादी गोरे यांची मोट बांधून त्यांनी बहुमत मिळवले. एका जातीच्या जोरावर महानगराची सत्ता येत नाही, हे त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखले होते. ही निवडणूक धरून ते लागोपाठ पाच वेळा निवडून आले. १९८४ चे ऑलिंपिक त्यांच्या कारकिर्दीत झाले आणि नफ्यात गेले, विमानतळ वाढला, शहराच्या मध्यभागी उंच इमारती उभ्या राहिल्या, पालिकेच्या नोकऱ्यांत काळे, लॅटिनो आणि महिला दिसू लागल्या. हे सारे खरे. त्याच काळात दक्षिण भागातले टायरचे आणि मोटारींचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि तिथली काळी तरुण पोरे रस्त्यावर आली, हेही खरे. या पोरांची गाठ रोज महापौरांशी पडत नव्हती, पोलिसांशी पडत होती.

आता मुद्द्याची गोष्ट. महापौर शहराचा प्रमुख, पण पोलीसप्रमुख त्याच्या हाताखाली नव्हता. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसचे महापौर फ्रँक शॉ यांच्या काळात भ्रष्टाचाराने कळस गाठला होता. पोलिसांच्या बढत्यांचाही बाजार भरला होता. त्यावर उपाय म्हणून शहराच्या सनदेत, म्हणजे ज्या नियमावलीवर शहराचा कारभार चालतो तिच्यात, दुरुस्त्या झाल्या. पोलीसप्रमुखाला नोकरीचे असे संरक्षण मिळाले, की गंभीर गैरवर्तन सिद्ध केल्याशिवाय त्याला कोणी काढू शकत नव्हते आणि त्याला मुदतही नव्हती. महापौराने नेमलेला पाच नागरिकांचा पोलीस आयोग कागदावर खात्याचा मालक होता. पण ते पाच जण आपापले धंदे सांभाळून आठवड्यातून काही तास यायचे आणि प्रमुख समोर ठेवील ते कागद बघायचे. भ्रष्ट राजकारण्यांपासून पोलिसांना वाचवण्यासाठी बांधलेली भिंत पुढे जनतेपासून पोलिसांना वाचवू लागली. ब्रॅडलींनी ही भिंत आतून पाहिली होती, आता ती बाहेरून पाहत होते.

१९७८ साली डॅरिल गेट्स पोलीसप्रमुख झाले. एकेकाळी ते पार्करांचे मोटारचालक होते आणि त्यांच्याच तालमीत तयार झाले होते. परीक्षेत वर आलेल्या मोजक्या उमेदवारांतूनच प्रमुख निवडायचा, असे नियमाचे बंधन होते. गेट्स पुढची चौदा वर्षे त्या खुर्चीवर होते आणि महापौराला जुमानत नव्हते. जानेवारी १९७९ मध्ये गॅसच्या थकलेल्या बिलावरून झालेल्या वादात दोन पोलिसांनी एका कृष्णवर्णीय विधवेला तिच्याच घरासमोर गोळ्या घालून ठार केले. वादातली रक्कम होती २२ डॉलर. खात्याच्या चौकशीत पोलीस निर्दोष ठरले. ब्रॅडलींनी नेमलेल्या पोलीस आयोगाने स्वतंत्रपणे प्रकरण तपासले आणि खात्याचे नियम मोडले गेल्याचे सांगितले. तरीही त्या दोघांचे काही वाकडे झाले नाही.

मग गळा आवळण्याचे प्रकरण. माणसाला मागून धरून दंडाने किंवा दांडक्याने त्याचा गळा दाबायचा, ही पकड पोलिसांना शिकवलेली होती. १९७५ पासूनच्या काही वर्षांत तिने १६ माणसे मेली आणि त्यांतले १२ कृष्णवर्णीय पुरुष होते. काळ्या पुरुषांचे शहरातले प्रमाण मात्र शेकडा ९. गेट्स यांनी १९८२ साली कारण शोधून काढले, की सामान्य माणसांच्या रक्तवाहिन्या जितक्या लवकर पुन्हा उघडतात तितक्या काही काळ्यांच्या उघडत नसाव्यात. म्हणजे काळे सामान्य माणसांत मोडत नाहीत! एवढे बोलूनही ते खुर्चीवर राहिले. पोलीस आयोगाने त्या पकडीवर निर्बंध घातले, हे ब्रॅडलींच्या काळातले मोठे काम म्हणावे लागेल.

याच पकडीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७६ साली लायन्स नावाच्या एका कृष्णवर्णीय तरुणाला मागचा दिवा जळत नाही म्हणून पोलिसांनी थांबवले, त्याचा बेशुद्ध होईपर्यंत गळा आवळला आणि शुद्धीवर आल्यावर हातात दंडाची पावती देऊन सोडून दिले. ही पकड न्यायालयाने बंद करावी, अशी त्याची मागणी होती. १९८३ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. तुझा गळा पोलीस पुन्हा आवळतील हे तू सिद्ध करू शकत नाहीस, म्हणून मनाई मागण्याचा तुला हक्क नाही, असा त्याचा अर्थ. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी विरोधी निकालपत्र लिहिले आणि मेलेल्यांचे आकडे त्यात मांडले. या खटल्यात प्रतिवादी कोण होते? लॉस एंजेलिस शहर. म्हणजे टॉम ब्रॅडली ज्याचे महापौर होते ते शहर. सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय न्यायमूर्तीला ज्या शहराविरुद्ध लिहावे लागले, त्या शहराच्या प्रमुखपदी कृष्णवर्णीय महापौर होता. ब्रॅडलींचे गोडवे गाणाऱ्या चरित्रांत ही बाब घाईघाईने उरकली जाते. आम्ही ती उरकणार नाही. कारण या निकालाने मोठे दार बंद झाले. एकट्यादुकट्या माणसाला नुकसानभरपाई मिळेल, पण संपूर्ण खात्याची पद्धत बदला असे तो केंद्राच्या न्यायालयात सहजासहजी मागू शकणार नाही, अशी अवस्था झाली. हे दार पुन्हा उघडायला अकरा वर्षे आणि एक जळते शहर लागले.

ब्रॅडलींनी सनद बदलण्याचा विषय आधीच जनतेपुढे का नेला नाही? १९७३ पासून १९९१ पर्यंत अठरा वर्षे हाताशी होती. १९६९ च्या पराभवाने त्यांना कायमचा धडा घालून दिला होता, असे आम्हाला दिसते. पोलिसांना हात लावला की गोरे मतदार पळतात. त्यात १९८२ साली राज्याच्या गव्हर्नरपदासाठी ते उभे राहिले. मतदानापूर्वीच्या पाहण्यांत ते पुढे होते, पण पाऊण कोटीहून अधिक मतदान झालेल्या त्या निवडणुकीत एक लाखाहून कमी मतांनी हरले. पाहणी करणाऱ्यापुढे काळ्या उमेदवाराचे नाव सांगायचे आणि पेटीजवळ गेल्यावर गोऱ्याला मत द्यायचे, या ढोंगाला अमेरिकेत तेव्हापासून ब्रॅडलींच्या नावानेच ओळखले जाते. शिवाय टोळीयुद्धे आणि क्रॅक नावाच्या अमली पदार्थाने दक्षिण भाग पोखरला होता. तिथल्या आयाबायाच पोलीस मागत होत्या, हे नाकारून चालणार नाही. पोलिसांनी त्या मागणीचा काय अर्थ लावला? एप्रिल १९८८ मध्ये एकाच शनिवार-रविवारी चौदाशेहून अधिक लोकांना पकडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डाल्टन अव्हेन्यूवर ऐंशीहून अधिक पोलिसांनी घरे फोडली, संडासची भांडीसुद्धा ठेवली नाहीत. भरपाई शहराने दिली, म्हणजे करदात्यांनी. १९८९ साली एका बँकेशी असलेल्या पैशाच्या संबंधावरून ब्रॅडलींवरही बालंट आले आणि दंड भरून ते मिटवावे लागले. त्यामुळे त्यांचा नैतिक दराराही ओसरला होता.

३ मार्च १९९१ च्या रात्री पोलिसांनी रॉडनी किंग या मोटारचालकाला दांडक्यांनी बेदम मारले. जवळपास वीसहून अधिक पोलीस हजर होते. समोरच्या घरातून एका माणसाने ते चित्रित केले आणि सगळ्या जगाने पाहिले. आता मात्र ब्रॅडली हलले. १ एप्रिलला त्यांनी वकील वॉरन ख्रिस्तोफर यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी आयोग नेमला. दुसऱ्याच दिवशी गेट्स यांना जाहीरपणे राजीनामा द्यायला सांगितले. पोलीस आयोगाने गेट्स यांना ६० दिवसांच्या रजेवर धाडले. सिटी कौन्सिल गेट्स यांच्या बाजूने धावले, न्यायालयाने आदेश दिला आणि काही दिवसांत ते परत खुर्चीवर! निवडून आलेला महापौर एका बाजूला, पगारी नोकर दुसऱ्या बाजूला, आणि जिंकला नोकर. त्यानंतर तेरा महिने महापौर आणि पोलीसप्रमुख एकमेकांशी बोलले नाहीत.

ख्रिस्तोफर आयोगाचा अहवाल ९ जुलै १९९१ रोजी आला. ब्रॅडलींच्या वीस वर्षांतले सर्वांत टिकाऊ काम कोणते असे कोणी विचारले, तर आम्ही विमानतळाकडे बोट दाखवणार नाही, या अहवालाकडे दाखवू. काही थोडे नासके आंबे सोडले तर खाते चांगले आहे, हा जगभरच्या पोलिसांचा आवडता बचाव असतो. आयोगाने ते आंबे मोजले. १९८६ ते १९९० या काळात सुमारे अठराशे पोलिसांवर जादा बळ वापरल्याच्या तक्रारी होत्या. त्यांतल्या चौदाशेंहून अधिकांवर एक किंवा दोनच. पण १८३ जणांवर चार किंवा अधिक, ४४ जणांवर सहा किंवा अधिक, १६ जणांवर आठ किंवा अधिक, आणि एका महाभागावर सोळा. म्हणजे नासके आंबे कोणते हे खात्याच्या दप्तरातच लिहिलेले होते. त्या ४४ जणांच्या गोपनीय अहवालांत वरिष्ठांनी काय लिहिले होते? बहुतेकांची तारीफच. गस्तीच्या गाड्यांतल्या संगणकांवरून पोलीस एकमेकांना वंशद्वेषी संदेश खुशाल पाठवत होते, कारण कोणी विचारणारे नाही याची त्यांना खात्री होती. प्रमुखाला पाच वर्षांची मुदत असावी आणि फार तर दोनच मुदती मिळाव्यात, नागरिकांच्या आयोगाला खरे अधिकार मिळावेत आणि तक्रारी वाढत जाणाऱ्या पोलिसांवर नजर ठेवणारी व्यवस्था उभारावी, अशा शिफारशी आल्या.

गेट्स जागेवरच राहिले. २९ एप्रिल १९९२ रोजी सिमी व्हॅली इथल्या ज्यूरीने, जिच्यात एकही कृष्णवर्णीय नव्हता, किंगला मारणाऱ्या पोलिसांना जवळजवळ सर्व आरोपांतून सोडले. शहर पेटले. पन्नासहून अधिक माणसे मेली, सुमारे एक अब्ज डॉलरची मालमत्ता जळाली. दंगल सुरू झाली त्या संध्याकाळी पोलीसप्रमुख कुठे होते? श्रीमंतांच्या वस्तीत, पोलीस सुधारणेची सनद-दुरुस्ती पाडण्यासाठी भरलेल्या निधी-सभेत. ब्रॅडलींनी त्या दिवशी निकालावर कडक शब्दांत राग व्यक्त केला आणि तेलात काडी टाकली म्हणून त्यांच्यावर टीका झाली. आयुष्यभर राग गिळलेला माणूस एकदा बोलला, तर तेवढेच लोकांच्या लक्षात राहिले. असो. २ जून १९९२ रोजी मतदारांनी ती दुरुस्ती मोठ्या बहुमताने मंजूर केली. महिनाअखेरीस गेट्स गेले आणि विली विल्यम्स हे पहिले कृष्णवर्णीय पोलीसप्रमुख आले. ब्रॅडलींनी पुन्हा उभे न राहण्याचे ठरवले आणि १९९३ च्या मध्यावर ते पायउतार झाले. त्याच वर्षी केंद्र सरकारने चालवलेल्या खटल्यात किंगला मारणाऱ्यांपैकी दोघांना नागरी हक्कांच्या भंगाबद्दल शिक्षा झाली. राज्याच्या न्यायालयाने सोडले, ते केंद्राच्या न्यायालयाने पकडले.

१९९१ साली अमेरिकन काँग्रेसमध्ये एक प्रस्ताव आला होता; तो तेव्हा बारगळला आणि सप्टेंबर १९९४ मध्ये गुन्हेगारीविरोधी मोठ्या कायद्यात एक कलम म्हणून आला. एखाद्या शहराचे पोलीस खाते सातत्याने नागरिकांचे घटनात्मक हक्क तुडवत असेल, तर केंद्राचे न्याय खाते त्या शहरावर दावा लावू शकेल. एका पोलिसावर नव्हे, संपूर्ण खात्यावर. लायन्सला जे दार बंद झाले होते, ते केंद्र सरकारपुरते उघडले. असे दावे बहुधा तडजोडीने मिटतात. शहर सुधारणा कबूल करते, न्यायालय ती कबुली हुकूमनामा म्हणून नोंदवते आणि एक स्वतंत्र निरीक्षक नेमून दर काही महिन्यांनी तपासणी करवते. शब्द पाळला नाही तर न्यायालयाचा अवमान. १९९७ साली पिट्सबर्ग शहर या कलमाखाली पहिले अडकले.

लॉस एंजेलिसची चौकशी न्याय खात्याने १९९६ साली सुरू केली. त्याच वर्षी ब्रॅडलींना हृदयविकाराचा झटका आला, शस्त्रक्रियेनंतर पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. २९ सप्टेंबर १९९८ रोजी वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. महिनाभर आधी रॅम्पार्ट विभागातला एक पोलीस पुराव्याच्या कोठारातून कोकेन चोरल्याबद्दल पकडला गेला होता. १९९९ साली तो बोलू लागला आणि टोळीविरोधी पथकाचे पितळ उघडे पडले. खोटे पुरावे, खोट्या साक्षी, निःशस्त्र माणसावर गोळीबार करून त्याच्याजवळ ठेवलेले पिस्तूल. शंभराहून अधिक लोकांच्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या आणि शहराने सुमारे ७ कोटी डॉलर भरपाई दिली. ही पथके ब्रॅडलींच्याच कारकिर्दीत फोफावली होती. आणि रॅम्पार्टचे बिंग फुटले तेव्हा पोलीसप्रमुख होते बर्नार्ड पार्क्स, तेही कृष्णवर्णीय. त्यांनी केंद्राच्या देखरेखीला विरोध केला. माणूस आपला असला तरी खात्याची खुर्ची त्याला आपली भाषा शिकवते, हे आपल्याकडेही आपण पाहतोच.

न्याय खात्याने दाव्याची नोटीस दिल्यावर शहर नमले. जून २००१ मध्ये हुकूमनामा लागू झाला. पाच वर्षांत काम पुरे झाले नाही, म्हणून न्यायाधीशांनी तो आणखी तीन वर्षे वाढवला. ख्रिस्तोफर आयोगाने १९९१ साली सुचवलेली आणि शहराने टाळलेली नजर ठेवण्याची संगणकीय व्यवस्था आता उभारावीच लागली. प्रत्येक पोलिसाच्या नावापुढे तक्रारी, बळाचा वापर, दावे यांची नोंद. टोळीविरोधी पथकातल्या पोलिसांना स्वतःच्या मालमत्तेची माहिती देणे बंधनकारक झाले. पोलीस एका दिवसात संत झाले नाहीत. १ मे २००७ रोजी मॅकआर्थर पार्कमध्ये स्थलांतरित मजुरांच्या शांत मेळाव्यावर आणि पत्रकारांवर त्यांनी लाठ्या चालवल्या, तेव्हा हुकूमनामा लागूच होता. पण या वेळी वरिष्ठ अधिकाऱ्याला किंमत मोजावी लागली आणि खात्यानेच आपली चूक लेखी मान्य केली. गेट्सच्या काळात हे स्वप्नातही शक्य नव्हते. २००९ साली देखरेख सैल झाली आणि २०१३ साली पूर्ण संपली.

या उपायातही एक मेख आहे. दावा लावायचा की नाही हे वॉशिंग्टनमध्ये कोण बसले आहे त्यावर ठरते. मिनियापोलिसमध्ये २०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेल्यानंतर तिथल्या खात्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये असाच हुकूमनामा न्यायालयापुढे ठेवला गेला होता. सरकार बदलले आणि मे २०२५ मध्ये न्याय खात्याने मिनियापोलिस आणि लुईव्हिल या दोन्ही शहरांची प्रकरणे मागे घेतली. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी १९९२ साली सनदेत घातलेली पाच वर्षांची मुदत मात्र वॉशिंग्टनला मागे घेता येत नाही. तिच्या जोरावर १९९७ साली विल्यम्स यांना आणि २००२ साली पार्क्स यांना दुसरी मुदत नाकारण्यात आली. दोघांपैकी कोणीही गेट्ससारखा खुर्चीला चिकटून राहू शकला नाही.